एक फेरा, एक लाट

सुमे, तुझ्या शोकसभेत मी भांडले. आधीच सांगून टाकते. तू असतीस तर म्हणाली असतीस, "अलके, मेल्यावर तरी मला निवांत पडू दे की."

सभा तशी नीट चालली होती. हार, उदबत्ती आणि ओळखपत्रावरचा तुझा तो फोटो मोठा करून लावलेला. त्यात तू फोटो काढणाऱ्यावर डाफरल्यासारखी दिसतेस. विभागप्रमुख बोलायला उठले. म्हणाले, "सुमनताईंनी उभं आयुष्य एका आवाजाच्या शोधात घालवलं. दुर्दैवानं तो आवाज त्यांना ऐकू आला नाही." लोकांनी माना डोलावल्या. मागच्या रांगेत एक जण शेजाऱ्याला टँकरच्या पाण्याचा किस्सा सांगत होता आणि तो शेजारी रुमालाआड हसत होता. माझं डोकंच फिरलं. मी उभी राहिले आणि म्हणाले, "आवाज ऐकू आला होता. मी तिथं होते. आणि टँकरच्या पाण्याची लाज वाटायचीच असेल तर ती तिला नको, तुम्हाला वाटू द्या." आणखीही बरंच बोलले. दोन मिनिटं स्तब्धता पाळायची ठरली होती, ती माझ्यामुळे राहूनच गेली.

नंतर जिन्यात प्रमुखांनी मला गाठलं. फार गोड बोलले. तुझी खोली महिनाअखेर रिकामी करायची आहे, तिथं नवा डिजिटल वर्ग होणार, टेबल भंगारात जाईल, चावी द्या. मी म्हटलं, चावी माझ्याजवळ आहे आणि सध्या माझ्याजवळच राहील.

घरी येऊन बसले तेव्हा लक्षात आलं, मी ज्या तोऱ्यात "ऐकू आला होता" म्हणाले, त्या तोऱ्याला आडवी येणारी जगात एकच बाई होती, आणि तिचाच फोटो समोर हार घालून ठेवला होता. तू असतीस तर भर सभेत म्हणाली असतीस, "कशावरून? पुरावा काय?" आपलं हे भांडण इतकी वर्षं चाललं आणि तू ते अर्ध्यावर टाकून गेलीस. हे काही बरं केलं नाहीस.

एम.एस्सी.ला आपण एका बाकावर आलो त्या केवळ आडनावांच्या क्रमामुळे. तू शेंद्र्याची, सकाळी जनावरांचं शेण काढून एसटीनं येणारी. मी पुंडलिकनगरची, आमच्या घरात आधी पोथ्या होत्या आणि मग सरकारी फायली आल्या. शेतात कधी पाय नाही. मला कागदावरची गणितं यायची, तुला यंत्रांची नाडी कळायची. तू पहिल्याच आठवड्यात मला म्हणालीस, "तुझं गणित लई देखणं हाय. पण ते खरं हाय का, हे कुणाला इचारायचं?" तेव्हापासून मी गणित मांडायचं आणि तू ते खरं का खोटं ते पाहायचं, अशी आपली वाटणी झाली.

आणि तुला नाद कसला लागला, तर आवाजाचा. तोही असला की माणसाला नाही, कुत्र्याला नाही, वटवाघळालाही ऐकू येणार नाही. अर्धवाहकाचे दोन पदार्थ घ्यायचे, त्यांचे अतिशय पातळ थर एकाआड एक रचत जायचे. असा थरांचा स्फटिक तयार झाला की त्यावर लेसरचा क्षणभराहूनही कितीतरी छोटा झोत मारायचा. थर दचकल्यासारखे फुगतात आणि आत ध्वनीची लाट उठते. तिचा सूर किती वरचा, हे थरांच्या जाडीवर ठरतं. थर जितके पातळ, तितका सूर चढा. ती लाट पकडायची तीही प्रकाशानंच. मागोमाग दुसरा झोत पाठवायचा आणि स्फटिकाची चमक किती बदलली ते पाहायचं. जगात हे काम आपल्या आधी झालेलं होतं, आपण काही पहिल्या नव्हतो. पण तुला ते आपल्या औरंगाबादेत, आपल्या हातानं बनवलेल्या टेबलावर ऐकायचं होतं. "उपयोग काय?" असं कुणी विचारलं की मी चिपच्या आतले थर न फोडता तपासता येतात वगैरे सांगत बसायचे. तू म्हणायचीस, "पोराच्या रडण्याचा उपयोग इचारता का? आधी ऐकून तर घ्या."

तुझ्या वडिलांना तू हे समजावलं होतंस ते मला अजून आठवतं. अंगणात बसून म्हणालीस, "दादा, हिरीत आरोळी मारली की परत येती ना, तसंच हाय. फक्त हीर लई बारकी." दादांनी पानाला चुना लावता लावता विचारलं, "आता हिरीत पाणी नाय, अर्धी जमीन कारखान्याला गेली. तुझ्या बारक्या हिरीत तरी काय हाय का बघ."

आपलं टेबल म्हणजे दगडाची एक जाड फरशी, खाली स्कूटरच्या ट्यूबा हवा भरून ठेवलेल्या, म्हणजे रस्त्यावरच्या ट्रकची थरथर वर पोचू नये. दुसरा झोत उशिरा पोचवायचा तर दोहोंतल्या एका झोताच्या वाटेतला आरसा जरा जरा सरकवायला हवा, आणि तो सरकवायला बारीक आट्यांचा स्क्रू हवा. तो तू चिकलठाण्याच्या एका लेथवाल्याकडून करून आणलास. स्क्रू फिरवायला मोटार हवी होती, ती मंजूर झाली नाही. मग तू स्क्रूला हाताचं चाक बसवलंस आणि चाकावर माझ्या लाल नेलपॉलिशची खूण केलीस.

आणि इथंच आपण ती चूक केली, सुमे, जी मोटारवाल्यांच्या हातून झालीच नसती. स्फटिक मागवायचा तर थरांची जाडी आपणच ठरवायची होती. तू म्हणालीस, जाडी अशी ठेवू की चाकाचा एक फेरा झाला की बरोबर एक लाट सरली पाहिजे. म्हणजे मोजायला सोपं. लाल खूण वर आली की चमक मोजणाऱ्या मीटरचा काटा वर, खूण खाली गेली की काटा खाली. एक फेरा, एक लाट. मला ती कल्पना इतकी आवडली की मी तिथल्या तिथं गणित करून जाडी काढून दिली. दोघींच्याही शहाण्या डोक्यात आलं नाही की आपण चोराच्या पायात आणि सावाच्या पायात एकाच मापाची चप्पल घालतो आहोत.

काटा वाचायचा तो मी, चाक फिरवायचं ते तू. तुझा एक नियम होता: वाचणारीनं चाकाकडं पाठ करून बसायचं. खूण दिसली की मन काटा ढकलतं, असं तुझं म्हणणं. म्हणून मी भिंतीकडं तोंड करून बसायचे आणि काटा काय करतो ते मोठ्यानं सांगायचे. त्या सकाळी मी सांगत गेले, "वर... वर... आता खाली... परत वर." मला राहवेना. मी वळून पाहिलं तर तुझा हात चाकावर आणि डोळे खुणेवर, आणि खूण बरोबर वर होती. आपण दोघी खोलीत अक्षरशः नाचलो. गुलमंडीत जाऊन इमरती खाल्ली, रस्त्यात उभ्यानं, पाकानं मनगटापर्यंत हात माखून.

दुसऱ्या दिवशी तू तोंड पाडून आलीस. म्हणालीस, "अलके, तो आवाज स्क्रूचा असंल तर?"

तुझं म्हणणं बिनतोड होतं, हाच तर त्रास. हातानं घडवलेला स्क्रू, प्रत्येक फेऱ्याला आरसा केसभर झुकणार, झोताचा ठिपका केसभर हलणार आणि काटाही हलणार. फेऱ्याला एकदा. म्हणजे अगदी आपल्या लाटेसारखाच. मग आपण स्क्रू नसलेल्या झोताच्या वाटेतला स्थिर आरसा थोडा मागं सारून पाहिलं. स्क्रूची लबाडी असेल तर काटा लाल खुणेलाच चिकटून राहील, खरा आवाज असेल तर खूण सोडून सरकेल. काय व्हावं? अर्धा सरकला, अर्धा नाही. मी म्हटलं, सरकला ना, म्हणजे आवाज आहे. तू म्हणालीस, "निम्मं खोटं निघालं की मी आख्खं खोटं धरते. बाजारात दूध बी तसंच घेते." शोधनिबंध पाठवायला तू साफ नकार दिलास. मी तीन आठवडे तुझ्याशी बोलले नाही, आणि डबा मात्र रोज दोघींचा आणत राहिले.

वेगळ्या आट्यांचा दुसरा स्क्रू आपण करायला टाकला होता. तो आला असता तर एका सकाळीत निकाल लागला असता. पण त्याआधी तो उन्हाळा आला.

टँकरचा किस्सा सांगून हसणाऱ्यांना मी हे सभेत सांगितलं, तुलाही परत सांगते. आपला लेसर पाण्यानं थंड व्हायचा, आणि त्याला लागायचं शुद्ध पाणी. ते काढणारं यंत्र बादल्याच्या बादल्या नळाचं पाणी वाहवून तेव्हा कुठं हंडाभर शुद्ध पाणी द्यायचं. त्या वर्षी धरण तळाला गेलेलं, शहर मात्र चारी दिशांनी वाढत चाललेलं, नव्या वसाहतींच्या गच्चीवर काळ्या टाक्या आणि टाक्यांत नुसती हवा. वसतिगृहाच्या पोरी टँकरपुढं बादल्या घेऊन उभ्या असायच्या. तू खिडकीतून ते पाहिलंस आणि यंत्राचं बटण बंद केलंस. मी म्हटलं, लेसर मरेल. तू म्हणालीस, "पोरी रांगेत उभ्या आन् मी गटारात पाणी सोडू? मला नाय जमायचं." मग तू लेसरला टँकरचंच पाणी घातलंस, तेही एकदाच भरून तेच तेच फिरवायचं. क्षार किती आहेत हे तुला माहीत नव्हतं थोडंच! तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तू डोळे उघडे ठेवून घातलंस.

नळी क्षारानं तुंबली आणि एका दुपारी जोडातून निसटली. टेबलभर फवारा. लेसर गेला. स्फटिकाच्या कडा भिजल्या, आणि त्यातल्या अॅल्युमिनियम असलेल्या थरांना पाणी सोसत नाही, ते आठवडाभरात कुजून गेले. ऐन दुष्काळात आपण पाण्यानं बुडालो. पण मी विसरणार नाही ते वेगळंच. तू ओल्या फरशीवर बसलीस, पदरानं पाणी टिपून बादलीत पिळत राहिलीस आणि म्हणालीस, "केवढं पाणी वाया गेलं गं." लेसरचं नावसुद्धा काढलं नाहीस. हे ज्यांना हसू येण्यासारखं वाटतं त्यांनी खुशाल हसावं. मला तुझा अभिमान वाटला होता. तेव्हा मी तुला नुसती ओरडले होते, म्हणून आज लिहून सांगते आहे.

पुढची कितीतरी वर्षं आपल्याकडं लेसर नव्हता, स्फटिक नव्हता, होतं ते फक्त भांडण. मी म्हणायचे आवाज होता, तू म्हणायचीस स्क्रू होता. भाजी निवडताना, परीक्षेला पहारा देताना, माझ्या मुलाच्या लग्नात अक्षता हातात घेऊन. आपला जुना करार होता, वादात हरेल तिनं गुलमंडीहून इमरती आणायची. बाकी सगळ्या वादांत मीच इमरती आणत आले. हा एकच वाद लटकून राहिला.

मग शेवटी वाऱ्यावर थंड होणारा छोटा लेसर आला, तुझ्या निवृत्तीला फार दिवस उरले नसताना. नवा स्फटिक तू मागवलास तो मुद्दाम आधीपेक्षा पातळ थरांचा. मी म्हटलं, आता मोटारीनं सरकणारा नवा आरसा घेऊ या की. तू ऐकलं नाहीस. "त्योच स्क्रू, तेच चाक, तीच खूण. चोर पकडायचा तर त्याच्याच गल्लीत पकडायचा." लाट आता फेऱ्यापेक्षा आखूड असणार होती. काटा खुणेवरच नाचला तर स्क्रू, खुणेच्या आधीच नाचला तर आवाज. इतकं सोपं.

स्फटिकाची डबी आली तेव्हा तू दवाखान्यात होतीस. तुझ्या हातात दिली, तू ती कानाशी धरून हलवलीस, लहान पोरीसारखी. "मी येईस्तोवर उघडू नको," म्हणालीस. मी म्हटलं, लवकर ये मग. तू आली नाहीस.

दहाव्याला मी शेंद्र्याला गेले. कावळा शिवेना. कावळे येणार कुठून, रस्त्याच्या चौपदरीकरणात कडुलिंब कुठं ठेवलेत? भास्करभाऊ, तुझा धाकटा, हात जोडून एकेक सांगत होता, "आक्का, तुझ्या भाचीचं शिक्षान करतो. आक्का, दादांची समाधी बांधतो." लांबच्या तारेवर एकच कावळा बसलेला, तो हलेना. मग भाऊ माझ्याकडं वळला. "अलकाताई, तिचं काय राहिलं ते तुम्हालाच ठाव. बोला काहीतरी." मी पुढं झाले आणि म्हटलं, "सुमे, मी मोजते. स्क्रू निघाला तर स्क्रू म्हणून सगळ्यांना सांगते." कावळा तरीही हलला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. भटजी मला हळूच म्हणाले, वाईट वाटून घेऊ नका. मला वाईट वाटलं नव्हतं. त्या कावळ्याचा नुसत्या शब्दावर विश्वास नव्हता, आणि ती सवय कुणाची ते मला ठाऊक होतं.

काल मोजलं. शेजारी नव्या इमारतीसाठी जमिनीत खांब ठोकण्याचं काम चालू आहे, त्या दणक्यानं आपल्या ट्यूबासुद्धा हार मानतात. मी सरळ खाली गेले आणि सुपरवायझरला म्हटलं, जेवणाची सुट्टी संपली तरी यंत्र सुरू करू नका. तो म्हणाला, "मॅडम, असं कसं? वरतून ओरडतेत." मी म्हटलं, वरच्यांना माझं नाव सांगा. त्यानं विचारलं, "पण काय करायलाय तुम्ही?" मी सांगितलं, एक आवाज ऐकायचा आहे. त्यानं माझ्या पांढऱ्या केसांकडं पाहिलं आणि म्हणाला, "बरं, चहा पण घेऊन टाकतो आम्ही. सावकाश ऐका."

काटा वाचायला भाऊला बोलावलं होतं. तो कारखान्यातून पहिली पाळी अर्धी टाकून आला. त्याला माझ्या जागी बसवलं, भिंतीकडं तोंड करून, आणि नियम सांगितला. "व्हय, आक्कानं सांगितलं व्हतं मागं," म्हणाला. मी डबी उघडली. स्फटिक बसवला. आणि आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या जागेवर उभी राहून मी चाक हातात घेतलं. इतकी वर्षं मी तुझ्याकडं पाठ करून बसले होते, सुमे. तिथून तुला काय दिसायचं ते काल कळलं. समोर एक पाठमोरं माणूस, आणि त्याच्या तोंडून काय येतं यावर सगळा जीव टांगलेला.

मी चाक फिरवलं. लाल खूण अजून बरीच खाली होती. भाऊ म्हणाला, "वर."

मला वाटलं त्याची चूक झाली. पुढं फिरवलं. "खाली," म्हणाला. मग खूण वर पोचायच्या आतच, "परत वर." पुढच्या फेऱ्यात काटा त्याहूनही आधी वर गेला, त्याच्या पुढच्यात आणखी आधी. माझं जुनं गणित सांगत होतं अगदी तिथं तिथं. मी पुन्हा पहिल्यापासून घेतलं. मग परत घेतलं. काही बदललं नाही. आणि तुझ्या समाधानासाठी हेही सांगते, नाहीतर म्हणशील लपवलं: लाल खूण बरोबर वर आली की भाऊ दर वेळी म्हणायचा, "इथं बारीकसं हाललं, जरासं." तो तुझा स्क्रू. तोही होता, सुमे. दोघं होते. पहिल्या स्फटिकात आपणच त्यांना एका मापात बांधलं होतं, म्हणून ओळखू आले नाहीत.

भाऊ अजून भिंतीकडंच पाहत होता. "वळू का?" म्हणाला. वळला तर मी रडत होते. त्याला वाटलं, बिघडलं काहीतरी. "नाय निघाला व्हय आवाज?" मी म्हटलं, निघाला, भाऊ. आक्काचा आवाज खरा होता. त्यानं त्या दगडी टेबलावर हात ठेवला आणि म्हणाला, "मग ती कामून नाय म्हणायची?" मी म्हटलं, कारण तिला कुणी फसवलेलं चालायचं नाही, तिनं स्वतःनंही नाही.

आज प्रमुखांना निकाल पाठवला. वर पहिलं नाव तुझं. खाली लिहिलं आहे की चावी माझ्याकडंच राहील, डिजिटल वर्गासाठी दुसरी खोली शोधा, टेबलाला हात लावायचा असेल तर मी त्या वेळी टेबलापाशी असेन. निवृत्त होऊन बसलेली बाई काय करणार, असं त्यांना वाटेल. वाटू दे. मला सकाळी उठून जायला हवंच आहे कुठंतरी.

भाऊ जाताना म्हणाला, गुलमंडीहून इमरती आणू का, आक्काला लई आवडायची. मी नको म्हटलं. त्याला राग आल्यासारखा वाटला, पण त्याला आपला करार माहीत नाही. हरलेलीनं आणायची असते, सुमे. आजवर मी आणली, दर वेळी, उन्हातान्हात, रांगेत उभी राहून. या वेळी तू हरली आहेस. मी आणणार नाही.